नाशिकरोडला तीन मिनिटं

मला माझे वडील तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत मिळाले. वाढवून सांगायची मला सवय आहे, माझ्या ओळखीचं कुणीही ते शपथेवर सांगेल. पण हे वाक्य अगदी मोजूनमापून लिहिलेलं आहे. अण्णा लांब पल्ल्याच्या गाडीवर एसी टू-टायरच्या बोगीत अटेंडंट होते. गाडी मुंबईहून निघायची, दुपारी तीनच्या सुमारास नाशिकरोडला यायची, तीन मिनिटं थांबायची आणि अण्णांना घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला निघून जायची. चार दिवसांनी सकाळी तीच गाडी उलटी यायची, पुन्हा तीन मिनिटं थांबायची आणि अण्णांना घेऊन मुंबईला जायची. म्हणजे स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरापासून चालत आठ मिनिटांवर, माझा बाप दर फेरीला दोनदा यायचा आणि दोन्ही वेळा त्याला उतरायची सोय नसायची. मुंबईला चादरी-ब्लँकेटं जमा करून झाली की मग ते दुसऱ्या कुठल्यातरी गाडीनं साध्या माणसासारखे घरी यायचे, दोन दिवस झोपायचे, आणि पुन्हा जायचे.

तीन मिनिटांत काय होतं, ते सांगते. बोगी दर वेळी फलाटावरच्या वजनाच्या काट्यापाशी थांबायची, फार तर चार पावलं इकडेतिकडे. जड दार उघडायचं आणि आतून थंडगार हवेचा लोट अंगावर यायचा. त्याला फिनेलचा, धुतलेल्या चादरींचा आणि कटलेटचा मिळून एक वास असायचा. माझ्या लेखी तोच वडिलांचा वास. पहिलं मिनिट उतरणाऱ्यांचं, दुसरं चढणाऱ्यांचं, आणि तिसरं, नशिबात असेल तर, माझं. जाताना मी भरलेला डबा वर द्यायचे. "शाळा?" "झाली." "चाचीकडं झोपतेस ना?" "हो." गाडी सुटली. येताना अण्णा रिकामा डबा खाली द्यायचे, पॅन्ट्रीतल्या गरम पाण्यानं लख्ख धुतलेला, आणि त्यात काहीतरी ठेवलेलं असायचं: चांदीच्या कागदातली लोण्याची वडी, सॉसची पुडी, सूपबरोबर देतात त्या कुरकुरीत काड्या. एकदा आइस्क्रीमचा कप होता. माझ्या हातात येईपर्यंत त्याचं गोड दूध झालं होतं आणि मी ते वजनाच्या काट्यावर बसून प्यायले होते. मग मी विचारायचे, "भाजी कशी झाली होती?" आणि अण्णा म्हणायचे, "डबा मिळाला." दर वेळी हेच. मी माझ्या हातानं दिलेला, त्यांनी त्यांच्या हातानं घेतलेला डबा, आणि चार दिवसांनी मला कळवायचं काय, तर मिळाला.

आई होती तोवर डबा तिचा असायचा आणि मी नुसती बरोबर जायचे. मी अकरा वर्षांची असताना ती गेली. त्याबद्दल या पुस्तकात दुसरीकडे लिहिलं आहे, इथे नको. एवढंच सांगते की दिवसकार्य आटोपून अण्णा कामावर गेले त्या पहिल्या दुपारी मी कुणी न सांगता भात शिजवला, त्यावर मेतकूट घातलं, शेजारच्या फातिमाचाचींनी दिलेल्या दोन पोळ्या गुंडाळून ठेवल्या आणि स्टेशनावर जाऊन उभी राहिले. अण्णांनी दार उघडलं, मला पाहिलं, डब्याकडे पाहिलं. हात खाली केला आणि डबा घेतला. त्या दिवसापासून तीन वर्षं डबा माझा. भाकरी थापायला मी शिकले ती या गाडीच्या वेळापत्रकावर.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं होतं, मागच्या बाजूला रूळ. बाहेर आवाजांची नुसती जत्रा: शंटिंगचे धक्के, शिट्ट्या, फलाटावरच्या बाईची घोषणा, जिचा शब्द न शब्द मला पाठ होता. आणि घरात मी. रात्री झोपायला चाचींकडे जायचे, पण शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ माझ्या एकटीचा. त्यावर मी एक तोड काढली होती. खाटेवर चादर अंथरायची, पायाशी ब्लँकेट, उशाशी टॉवेल, आणि ताठ बसायचं. ही झाली पॅसेंजर. मग उठून दाराशी जायचं, पडदा नसलेल्या चौकटीतला पडदा हातानं बाजूला सारायचा आणि अदबीनं विचारायचं, "मॅडम, व्हेज की नॉनव्हेज?" पुन्हा पळत खाटेवर येऊन, मान किंचित वाकडी करून, "व्हेज. आणि भात मऊ हवा." "आत्ता आणतो मॅडम." मग स्वयंपाकघरातून स्वतःचंच ताट स्वतःला आणून द्यायचं. मॅडम फार खट होत्या. कधी वरण परत पाठवायच्या, कधी पाणी कोमट आहे म्हणून तक्रार लिहीन असं धमकवायच्या. अटेंडंट बिचारा सगळं ऐकून घ्यायचा. लोक मला विचारतात, तुम्ही निवेदन करायला, नाटकात कामं करायला कुठे शिकलात. आता इंदिरानगरातल्या प्रत्येक सोसायटीच्या गणपतीत माझ्या हातात माईक असतो आणि तो परत घेताना आयोजकांच्या नाकी नऊ येतात. पण शिक्षण सगळं त्या खाटेवरचं. प्रेक्षक नव्हते एवढंच.

अण्णा घरी असले की वेगळंच एकटेपण असायचं. ते झोपलेले असायचे. जागे असले तरी अर्धे गाडीतच. दाराची कडी लावून दोनदा ओढून बघायचे. चहाचा कप काठोकाठ कधी भरायचे नाहीत, सांडेल म्हणून. मला उठवायचं असलं की पायाचा अंगठा चादरीवरून दोन बोटांनी हलकेच दाबायचे, कारण झोपलेल्या पॅसेंजरला अटेंडंट हात लावतो तो फक्त तिथे. इतर पोरींचे बाप त्यांच्या डोक्यावर टपली मारायचे आणि मी हेव्यानं बघत राहायचे. टपली मारून घ्यावी म्हणून मी काय काय केलं असेल. अण्णांच्या चपलेत पाणी भरलं, दाढीच्या डबीत साखर घातली. ते शांतपणे डबी धुऊन यायचे आणि म्हणायचे, "झालं का?"

अशातच एका सोमवारी, अण्णा गाडीवर असताना, चांदवडहून आत्या आली. डोक्यावर कांद्याची गोणी, बसमधून उतरून तशीच चालत. गोणी ओट्यापाशी टाकली, घोटभर पाणी प्यायली आणि मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "चौदाची झालीस. आरशात बघती का कधी?"

"आरसा उंच लावलाय अण्णांनी."

"तेच म्हणती मी. घरात बाई नाय तर आरसा बी उंच ऱ्हातो. मंगे, आता लय झालं. सहामाही झाली की माझ्याकडं चल. शाळा हाय तिथं, पोरं हायेत माझी चार, तुझी करमणूक होईल."

"मला करमतंय इथं."

"कोणासंगं करमतंय? त्या इंजनासंगं?" आत्यानं गोणीचं तोंड सोडून कांदे ओतले आणि चाळता चाळता सांगून टाकलं, "दादाशी बोलणं झालंय माझं. ह्या खेपेला तो तुला सांगंल बघ."

ती गेली आणि मी त्या कांद्यांच्या ढिगासमोर बसून राहिले. ठरलं होतं तर. अण्णा मला सांगणार होते, आणि ते सांगण्यासाठी त्यांच्याकडे होती तीन मिनिटं, त्यातली दोन दुसऱ्यांची. ते परतले आणि दोन दिवस घरी होते, पण काहीच बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. ते पुन्हा निघाले, आणि मी ठरवलं की ही गोष्ट फलाटावर उभं राहून होणार नाही. मला पॅसेंजर व्हायला हवं.

त्यांची गाडी यायची त्या दुपारी मी वांग्याचं भरीत केलं, बाजरीच्या तीन भाकऱ्या, लसणाची चटणी, गुळाचा खडा. गाडी आली. अण्णांनी दार उघडलं, डबा घेतला, "शाळा?" म्हणाले, आणि तेवढ्यात एक बाई दोन ट्रंका घेऊन आली म्हणून तिच्या मदतीला खाली उतरले. मी त्यांच्या पाठीमागून पायरी चढले. आयुष्यात पहिल्यांदा. आतला गारवा एवढा होता की दात वाजले. पडद्यांची लांबच लांब ओळ, मधोमध चिंचोळी वाट. एका पडद्यामागे खालच्या बर्थवर एक आजी खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, समोरचा वरचा बर्थ मोकळा होता, त्यावर चादर-ब्लँकेटचा गठ्ठा तसाच. मी शिडीवरून वर गेले, पडदा ओढला, ब्लँकेट डोक्यावरून घेतलं आणि मॅडम झाले. गाडी हलली.

बेत असा होता की गाडीनं वेग घेतला की खाली उतरून अण्णांसमोर उभं राहायचं आणि मनमाड येईपर्यंतचा पुरा तास त्यांच्याशी भांडायचं. संवाद पाठ केलेले होते. पण खालून आवाज आला म्हणून मी थांबले.

"अहो, जरा इकडे येता का?" आजींचा आवाज कापत होता. "मला शुगरचा त्रास आहे. दुपारचं जेवण आलं ते तेलकट होतं, मी परत पाठवलं. आता हातपाय थरथरताहेत."

"बसा, बसा. उठू नका." हा अण्णांचा आवाज, पण मी घरी कधी न ऐकलेला. मऊ, भरभर चालणारा. "आधी हा गूळ तोंडात टाका. चघळा. पाणी मागून. आता हे हळूहळू खा."

डब्याची कडी उघडल्याचा आवाज मी हजारांत ओळखला असता. माझ्या भरताचा वास वरच्या बर्थपर्यंत आला. मी ब्लँकेटखाली उठून बसले आणि डोकं छताला आपटलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

थोड्या वेळानं आजी म्हणाल्या, "आता बरं वाटतंय. पण हा तर तुमचा डबा दिसतोय. तुम्ही काय खाणार?"

"पॅन्ट्रीत उरलंसुरलं असतं. माझं नेहमीचंच आहे."

"नेहमीचं म्हणजे?"

"म्हणजे असं की ह्या टप्प्यात कुणी ना कुणी निघतंच. कुणाला शुगर, कुणाचा उपास सुटायचा, कुणाचं लेकरू तिखट खात नाही. बोगीत माणूस उपाशी असताना आपण डबा उघडायचा, हे मला जमत नाही. आणि मनमाड झालं की चहाची गडबड. राहूनच जातं."

"कोण करतं?"

"मुलगी. चौदा वर्षांची आहे. आई नाही तिला."

"छान हात आहे. मीठ अंमळ जास्त." आजी जरा थांबल्या. "मग तिला काय सांगता? कसं झालं होतं म्हणून विचारत असेल ना पोर."

"विचारते. काय सांगू? मी खाल्लेलं नसतं. खोटं कशाला बोला. डबा मिळाला, एवढं सांगतो."

वाचकहो, मी आजवर बरीच नाटकं पाहिली, पण पडद्याआडून ऐकलेल्या या एका वाक्याइतकं माझ्या डोक्यात दुसरं काही भिनलेलं नाही. तीन वर्षं मी समजत होते की माझ्या बापाला चव नाही, किंवा मी केलेल्याची किंमत नाही. आणि हा माणूस तीन वर्षं फक्त खरं बोलत होता. मला राग आला, तो जबरदस्त आला. माझ्या भाकरीवर देशभरातल्या अनोळखी लोकांची पोटं भरत होती, आणि ज्याच्यासाठी चुलीपाशी हात पोळले तो उरलंसुरलं खात होता. आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्याही झाल्या.

"एक विचारू का आजी?" अण्णा खाली म्हणत होते. "माझी बहीण मागं लागलीय की पोरीला चांदवडला पाठव. मला काही सुचत नाही."

"मुलीला विचारलंत?"

"तीन मिनिटं थांबते गाडी. तीन मिनिटांत कसं विचारू?"

"घरी असताना विचारावं."

यावर अण्णा बोलले असते तर कदाचित ही सगळी गोष्टच वेगळी झाली असती, पण तेवढ्यात बुटांचा आवाज आला आणि टीसी बोगीत शिरला.

"अरे, कुठे असतोस तू? तीन नंबरचे साहेब भडकलेत. नाशिकरोडला चढले, दाराशी कुणी नाही, सामान स्वतः ओढलं. तक्रार पुस्तक मागवलंय त्यांनी."

"मागच्या दाराला होतो साहेब. डबा घेत होतो."

"पुन्हा डबा. गेल्या महिन्यात दोन तक्रारी झाल्या, दोन्ही नाशिकरोडच्या. मी समजावतो त्यांना, पण आणखी एक लेखी गेली तर तुझ्या नोकरीवर येईल, सांगून ठेवतो. सोड तो डबा आता." मग पडद्याच्या कड्या वाजल्या. "हा वरचा मोकळा आहे ना? मग कोण झोपलंय?"

मी डोळे घट्ट मिटले आणि मोठ्या बाईसारखा खोल श्वास घ्यायला लागले. टीसी म्हणाला, "उठव." ब्लँकेटवरून दोन बोटांनी माझ्या पायाचा अंगठा हलकेच दाबला, आणि ती बोटं तिथेच थांबली. अण्णांनी मला चेहरा बघून नाही, अंगठा दाबून ओळखलं.

"माझी आहे साहेब," अण्णा म्हणाले.

मी ब्लँकेट बाजूला केलं. बाकी सगळे संवाद विसरले होते. तोंडातून एकच आलं, "मीठ खरंच जास्त आहे का?"

आजी खालून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. टीसीनं कपाळावर हात मारला, मग तोही हसला, पण हसू पुसून लगेच गंभीर झाला. "मनमाडला उतरव तिला. मी काही पाहिलेलं नाही. आणि तीन नंबरला चहा पाठव, चांगला."

दाराजवळ चादरींचं कपाट होतं, त्याच्या शेजारी एक अरुंद फळी. तीच अण्णांची बसायची जागा, तोच पलंग. पाठ टेकली की शेजारी बाथरूमचं दार, समोर मळक्या चादरींचे गठ्ठे. एवढ्या थंड, गुळगुळीत, पडद्यांच्या बोगीत त्यांच्या वाट्याला तेवढंच. त्यांनी मला फळीवर बसवलं, पॅन्ट्रीतून कटलेट आणि ब्रेड आणले, मांडीवर रुमाल पसरला आणि ताटली दिली, जशी पॅसेंजरला देतात तशी, डावीकडून. मी म्हटलं, "तुम्ही डबा खा. माझ्यासमोर." आजींनी दीड भाकरी ठेवली होती, थोडं भरीत. अण्णा उभ्यानं खायला लागले. गाडीबरोबर डुलत, एका हातानं कपाटाची कडी धरून. खिडकीतून निफाडकडचे द्राक्षांचे मांडव मागे पळत होते.

"मीठ जास्तच आहे," ते म्हणाले.

त्या वाक्यानं मला काय झालं, ते सांगता येणार नाही. मी कटलेट खात खात हसत सुटले. मग त्यांनी आपणहून सांगितलं, मागच्या खेपेची मेथी नागपूरच्या एका नव्या नवरीनं खाल्ली, ती सासरी पहिल्यांदा चालली होती आणि रडत होती; त्याच्या आधीची आमटी एका सरदारजींनी वाटीला तोंड लावून प्यायली आणि कृती विचारली; पावसाळ्यात केलेलं पिठलं एका मास्तरांच्या तिन्ही पोरांनी भांडून संपवलं. प्रत्येकाचा बर्थ नंबर त्यांना आठवत होता. मी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं?" तर म्हणाले, "मग मी जेवलो नाही हे कळलं असतं तुला." एवढं सलग बोलताना मी अण्णांना कधी ऐकलं नव्हतं. तो तास माझ्या लहानपणातला सगळ्यात भरलेला तास होता, आणि तो संपत आला होता, कारण लासलगाव मागे गेलं होतं.

त्यांनी डबा झाकला. "आत्या आली होती?"

"आली होती."

"चांदवडचं बोलली?"

"हो."

"मग? जायचंय का तुला?"

तर हा तो क्षण. चार दिवस मी ज्याची तालीम केली होती, तो. मी सांगणार होते की मला नाही जायचं, मी रोज वरणभात खाईन, मी आरशात बघणार नाही, मला इथेच राहू द्या. पण माझ्या डोळ्यांसमोर आता ते तक्रार पुस्तक होतं. डबा घ्यायला हा माणूस मागच्या दाराशी उभा राहतो आणि पुढच्या दाराशी त्याची नोकरी जाते. मी नाशिकरोडला राहिले तर डबा येणार. डबा आला तर तो दार सोडणार, कारण मी काट्यापाशी उभी आहे हे त्याला माहीत असणार. मी मान किंचित वाकडी केली, अगदी मॅडमसारखी, आणि म्हटलं, "जायचंय की. आत्याकडे म्हशी आहेत. चार पोरं आहेत. इथे मला कंटाळा येतो."

आवाज जराही हलला नाही. नंतर मी पुष्कळ भूमिका केल्या, एकदोन बक्षिसंही मिळाली, पण इतकी चोख भूमिका पुन्हा जमली नाही.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "कंटाळा येतो," ते म्हणाले. मग शर्टाच्या खिशावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "बरं."

मनमाडला त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे हमाल होते. अण्णांनी दारातूनच त्यांना हाक मारली, मला चांदवडच्या बसमध्ये बसवून द्यायला सांगितलं. गाडी सुटली तेव्हा ते पुढच्या दाराशी होते, कुणाची तरी बॅग वर घेत होते. मी हात केला. त्यांचे दोन्ही हात भरलेले होते. आत्याच्या दारात पोहोचले तर ती अंगणात कांदा पसरत होती. म्हणाली, "कपडे कुठायत गं?" मी म्हटलं, "मागून येतायत." ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि मग तिनं हाकच मारली सगळ्या घराला, "बघा, आली माझी भाची आपल्या पायानं."

चांदवडला मी पाच वर्षं राहिले. आत्यानं काही कमी केलं नाही. एका खोलीत आम्ही सहा जण झोपायचो, कुणाचा तरी पाय नेहमी माझ्या अंगावर असायचा, आणि नाशिकरोडच्या रिकाम्या खाटेवर मी जितकी एकटी होते त्याहून जास्त एकटी तिथे होते. तिथे व्हेज की नॉनव्हेज विचारायलाही जागा नव्हती. अण्णा महिन्यातून एकदा यायचे, माझ्या हातचं जेवायचे आणि मीठ कमी की जास्त ते सांगायचे. त्यांच्याविरुद्ध पुढे एकही तक्रार गेली नाही. मी ते स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

आता ते माझ्याकडेच असतात. ऐंशी पार केली, दोन्ही डोळ्यांनी जवळपास दिसत नाही. मागच्या दिवाळीत शेजारचे एक गृहस्थ जेवायला होते. ते प्रवासाहून आलेले, तर सांगत होते की हल्ली गाडीत मोबाइलवरून जेवण मागवलं की पुढच्या स्टेशनात कुणीतरी हेल्मेट घातलेला माणूस थेट सीटवर आणून देतो. अण्णांना हे फार आवडलं. त्यावरून माझ्या डब्याची गोष्ट निघाली, आणि मी मोठ्या उत्साहानं ती रंगवून सांगितली, सरदारजींसकट. गृहस्थ म्हणाले, "मग मुलीला पाठवलंत कसं चांदवडला? जीव कसा झाला?"

"मी कुठं पाठवली," अण्णा म्हणाले. "हीच गेली. हिला कंटाळा आला होता. नाशिकरोडलाच पार्सल ऑफिसात जागा होत होती, दिवसाची ड्यूटी, संध्याकाळी घरी. अर्ज लिहून खिशात घेऊन हिंडत होतो. म्हटलं, पोरगी नाही म्हणाली की देऊन टाकू. पण ती हो म्हणाली. मग मी एकटा घरी बसून काय करणार होतो? गाडी बरी."

"अर्जाचं काय केलंत?"

"खिशातच राहिला. गेला धुण्यात."

गृहस्थ हसले. अण्णाही हसले. मी भाजी वाढायला म्हणून उठले आणि ओट्यापाशी बराच वेळ उभी राहिले. बाहेरून अण्णा विचारत होते, भाजी संपली का गं, संपली असेल तर राहू दे.

हे पुस्तक मी त्यांना रोज संध्याकाळी वाचून दाखवते, जसजसं लिहून होईल तसतसं. ते डोळे मिटून ऐकतात आणि मी कुठे वाढवून सांगितलं ते बरोबर पकडतात. उद्या या प्रकरणाची पाळी आहे. भरीत, आजी, टीसी, सगळं मी आवाज काढून वाचणार आहे, ते हसतील. मग मनमाड येईल. तिथे काय वाचायचं, ते अजून माझं ठरलेलं नाही.